पाटाचं पाणी, खंडाची जमीन आणि श्रीरामपूर

श्रीरामपूरला रेल्वेने जायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे, दौंड-मनमाड मार्गावरचं. शहराचं नाव बदलून कित्येक दशकं झाली, स्टेशनाचं तेच राहिलं. ज्या बेलापूरवरून स्टेशनाला हे नाव मिळालं ते मूळ गाव काही किलोमीटरवर प्रवरेच्या काठी आहे, आणि ते श्रीरामपूरपेक्षा कितीतरी जुनं आहे. श्रीरामपूर मात्र नदीकाठी नाही. इथे किल्ला नाही, वाडा नाही, कुठल्या सरदाराची गढी नाही. माळरानावर एक स्टेशन आलं, त्याच्याभोवती वखारी आणि दुकानं बसली, आणि त्या वस्तीचं पुढे तालुक्याचं ठिकाण झालं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हे शहर २०११ च्या जनगणनेत सुमारे ९० हजार लोकवस्तीचं होतं. बाहेरच्या माणसाला त्याची ओळख दोन गोष्टींवरून असते: साखर कारखान्यांचा पट्टा आणि झहीर खानचं जन्मगाव. उसाचं गाव म्हटलं की विषय संपतो असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते इथे ऊस तिसऱ्या क्रमांकावर येतो. आधी पाणी आलं, मग जमिनीचे करार झाले, आणि त्या दोन्हींच्या जोरावर ऊस उभा राहिला. हा क्रम लक्षात ठेवला तर श्रीरामपूरची अर्थव्यवस्था, तिची भरभराट, तिची मरगळ आणि कोर्टातली भांडणं, सगळ्याचा उलगडा होतो.

दुष्काळी मुलखात कालवा कशाला?

भंडारदऱ्याच्या वर, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला श्रीरामपूरला येईपर्यंत तो पाचशेवर येतो, आणि तोही बेभरवशाचा. प्रवरा नदी या दोन टोकांना जोडते, पण पावसाळा सरला की तिचं पाणीही आटत जातं.

१८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ या भागाने भोगला. दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच काळात झाला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. प्रवरेवर ओझरचा बंधारा आणि त्याचा कालवाही १९व्या शतकातलाच. शतकाच्या शेवटी पुन्हा दुष्काळ पडले, तेव्हा इंग्रज सरकारने दख्खनच्या नद्यांवर मोठी धरणं बांधायचं मनावर घेतलं. भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारं हे दगडी धरण आजही प्रवरा खोऱ्याचा कणा आहे.

आता खरी गंमत. हे कालवे बांधले दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवायला. पण ज्वारीवाला शेतकरी पाणी घ्यायला येईना. पाऊस बरा झाला तर त्याला पाटाच्या पाण्याची गरज नसे, मग पाणीपट्टी कशाला भरायची? आणि पाऊस गेला की सगळे एकदम दारात. सरकारच्या हिशेबात कालवा बऱ्या वर्षी रिकामा आणि वाईट वर्षी अपुरा. एवढा खर्च करून काढलेल्या पाटाला वर्षभर पाणी घेणारं आणि वर्षभर पट्टी भरणारं गिऱ्हाईक हवं होतं. ते एकच होतं: ऊस. दुष्काळ निवारणासाठी काढलेल्या पाटावर सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक आलं ते शेतकऱ्याच्या हावेमुळे, असं आज सर्रास बोललं जातं. त्यात सरकारी तिजोरीच्या हिशेबाचा वाटा किती मोठा होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

यावर तोड म्हणून ब्लॉक पद्धत आली. मुंबई इलाख्यात नोकरीला असताना विश्वेश्वरय्यांनी ती मांडली होती. शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी काही वर्षं पाण्याची हमी द्यायची. त्या क्षेत्राच्या साधारण एक तृतीयांशावर ऊस घ्यायचा आणि बाकीच्यावर हंगामी पिकं. म्हणजे पट्टीही येईल आणि पाणी गावोगाव पोचेल. कागदावर पद्धत नामी होती. पुढे ऊस त्या तिसऱ्या हिश्शात मावला नाही, ही गोष्ट निराळी.

ऊस लावला कोणी?

पाट आला तेव्हा स्थानिक शेतकऱ्याकडे उसाला लागणारं भांडवल नव्हतं, आणि ती विद्याही नव्हती. बेणं, पेंड, मजुरी, बैल, गुऱ्हाळ, सगळ्यालाच रोकड लागते आणि पैसा परत यायला दीड वर्ष लागतं. ही विद्या होती सासवडच्या माळ्यांकडे. कालवा जाईल तिकडे हे लोक गेले: आधी नीरा कालव्यावर, मग गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर. जमीन खंडाने, म्हणजे भाड्याने घ्यायची, ऊस लावायचा, गूळ करायचा, पेठेत पाठवायचा. गुळाला रेल्वे हवी, म्हणून स्टेशनाजवळची पेठ वाढली. श्रीरामपुरात रयत शिक्षण संस्थेचं जे मोठं महाविद्यालय आहे, त्याला रावबहादूर नारायणराव बोरावके यांचं नाव आहे. बोरावके याच सासवडकर बागायतदारांपैकी. मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा सासवडच्या माळ्यांनी स्वतःचाच साखर कारखाना काढायचं ठरवलं आणि १९३२ मध्ये अकलूजजवळ माळीनगर उभं केलं.

पाणी शेतापर्यंत कसं येतं, तेही जवळून पाहायला हवं, कारण तालुक्यातली निम्मी भांडणं तिथली असतात. पावसाळा संपला की धरणात किती साठा आहे ते पाहून कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि रब्बीची किती, उन्हाळ्याची किती आवर्तनं, म्हणजे पाटाला पाणी सोडण्याच्या पाळ्या, द्यायची ते ठरतं. शेतकऱ्याने पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा: गट नंबर, पीक, क्षेत्र. मग शेजपाळीची यादी निघते, म्हणजे कोणाला कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी. पाटातून चारी, चारीतून पोटचारी, तिथून शेताचं बारं. नियम असा की पाणी आधी टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाला द्यायचं आणि मग वर सरकत यायचं. प्रत्यक्षात वरचा माणूस रात्री दार उचलतो आणि टेलचा शेतकरी पहाटे बॅटरी घेऊन कोरड्या चारीच्या कडेने पाटकऱ्याला शोधत फिरतो. पाळी रात्री दोनला आली तर दोनला दारं धरायला जावं लागतं, मग थंडी असो की बिबट्याची अफवा. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ती हल्ली अफवा नसतेच.

दोन आवर्तनांमध्ये महिना-दीड महिन्याचं अंतर पडलं तर ऊस तग धरत नाही. तो तगतो विहिरीवर. आणि विहिरीला पाणी येतं ते पाटाच्या पाझराचं. म्हणजे ज्याच्याकडे पाटाचा हक्क नाही, पण पाटाशेजारी विहीर आहे, तोही याच धरणाचं पाणी वापरतो, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही. कालव्याला अस्तरीकरण करून गळती थांबवायची म्हटली की लाभक्षेत्रातलाच शेतकरी का विरोध करतो, हे शहरातल्या लोकांना कळत नाही. त्यांना वाया जाणारं वाटतं ते पाणी खाली कोणाच्या तरी मोटारीतून वर येत असतं.

कंपनी आली, मळे झाले

श्रीरामपूरपासून जवळच हरेगाव. इथे बेलापूर कंपनीने १९२० च्या सुमारास साखर कारखान्याचा घाट घातला. मागे ब्रेडी आणि कंपनी ही मुंबईची पेढी होती. महाराष्ट्रातल्या खासगी साखर कारखानदारीची सुरुवात इथूनच धरतात.

कारखान्यापुढे एक अडचण होती. शेतकरी ऊस लावायचा, पण गुळाला भाव आला की गूळ करायचा. कारखान्याला तर हंगामभर रोज ठरलेला ऊस लागतो. एक दिवस गाळप थांबलं तरी नुकसान. मग कंपन्यांनी स्वतःच शेती करायची ठरवली. काही जमीन विकत घेतली, काही सरकारकडून मिळवली आणि बरीचशी शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने, म्हणजे खंडाने घेतली. हजारो एकरांचे सलग मळे झाले. मळ्यांत मजुरांच्या चाळी, साहेबाचा बंगला, ऊस वाहायला ट्रॉली लाइन. हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मदर मेरीची यात्रा भरते आणि तिला राज्यभरातून लाखो लोक येतात. यातही नुसते ख्रिस्ती भाविक नसतात. आडवळणाच्या एका कारखाना-वस्तीत एवढं मोठं चर्च कसं, याचं उत्तर त्या काळात मजुरांभोवती झालेल्या मिशनच्या कामात आहे. याच हरेगावात डिसेंबर १९३९ मध्ये महार वतनदारांची परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. वतनाच्या जमिनींवर सरकारने वाढवलेला आकार, म्हणजे सारा, हा विषय होता. या मुलखात जमिनीचा प्रश्न कधी एकट्या शेतकऱ्याचा नव्हता.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं. जावा बेटावरून येणारी स्वस्त साखर अडली आणि देशभर कारखान्यांचं पीक आलं. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली आणि श्रीरामपूरशेजारी टिळकनगर वसलं. वर गोदावरीच्या पट्ट्यात साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर. या नावांची गावं नकाशावर नव्हती. कारखान्यांनी ती घडवली.

श्रीरामपूर शहराची पहिली खरी श्रीमंती या काळातली. कंपनीच्या पगाराच्या दिवशी बाजार फुलायचा. मारवाडी आणि गुजराती व्यापारी आधीपासून होते, फाळणीनंतर सिंधी आणि पंजाबी कुटुंबं आली. रामनवमीची यात्रा मोठी होत गेली. शेजारचे तालुके जुन्या पेठांभोवती वाढले, हे शहर मात्र बाहेरून आलेल्यांनीच बनवलं. म्हणून इथल्या मराठीत सासवडपासून सिंधपर्यंतचे सूर सापडतात.

खंडकऱ्यांचं गणित

आता या सगळ्यातला सर्वांत किचकट भाग. खंडकरी शेतकरी हा शब्द नगर, पुणे आणि सोलापूरच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतो, पण भानगड काय आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एका शेतकऱ्याची दहा एकर जमीन आहे. १९२० किंवा ३० च्या दशकात त्याने ती कारखान्याला काही दशकांच्या कराराने खंडाने दिली. मालक तोच, कसणारी कंपनी. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. त्याचं तत्त्व 'कसेल त्याची जमीन', तर मग कंपनी कूळ म्हणून मालक व्हायला हवी होती. तसं झालं नाही, कारण उसासाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांना कूळकायद्याच्या मुख्य तरतुदींतून सूट होती. शेतकऱ्याला वाटलं, वाचलो. मुदत संपली की जमीन परत.

मग १९६१ चा सीलिंगचा कायदा आला. एका धारकाकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन नको, जास्तीची सरकारजमा. कारखान्यांकडे हजारो एकर होते, त्यामुळे ते सरळ कायद्याच्या कचाट्यात सापडले. मेख अशी की कारखान्याच्या ताब्यातली जमीन मोजताना खंडाने घेतलेली जमीनही त्यांच्याच नावावर मोजली गेली. म्हणजे कंपनीची जमीन म्हणून जे सरकारजमा झालं, त्यात आपल्या शेतकऱ्याचे दहा एकरही गेले. त्याच्याकडे स्वतः मर्यादेइतकीसुद्धा जमीन नव्हती. बड्या जमीनधारकासाठी केलेल्या कायद्यात लहान माणूस सापडला तो असा.

सरकारने ही जमीन भूमिहीनांना वाटायची, तर कायद्यात आणखी एक कलम होतं: कारखान्याचा उसाचा पुरवठा तुटू नये म्हणून अशा जमिनीचे तुकडे न पाडता ती सलग कसायची. त्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. हरेगाव, टिळकनगर, वालचंदनगर, रत्नपुरी असे मळे महामंडळाकडे गेले. मालकी सरकारची, शेती महामंडळाची, ऊस खासगी कारखान्याला. खंडकरी मात्र हात हलवत राहिला.

पुढच्या पन्नास वर्षांत मोर्चे, उपोषणं, कायद्यातल्या दुरुस्त्या आणि खटले. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांचं नाव या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. दरम्यान महामंडळाची शेती तोट्यात गेली, खासगी कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि ज्या पुरवठ्यासाठी जमीन सलग ठेवली होती तो घेणाराच उरला नाही. मळ्यांत बाभळी माजल्या. मोठ्या प्रमाणावर जमीन परत मिळायला सुरुवात झाली ती २०१२ पासून. ज्याने करार केला त्याचा नातू किंवा पणतू एव्हाना वारस म्हणून रांगेत होता, आणि एका उताऱ्यावर वारसांची पंधरा-वीस नावं असणं हे अजिबात नवल नव्हतं.

जमीन मिळाली ती भोगवटादार वर्ग दोन म्हणून. म्हणजे कसा, पण विकताना किंवा बिगरशेती करताना सरकारची परवानगी घ्या. लोकांचा सवाल साधा होता: आमचीच जमीन परत देताना तिच्यावर अटी कशाच्या? अलीकडे सरकारने ती वर्ग एक करण्याचा मार्ग मोकळा केला. श्रीरामपूर तालुक्यात याशिवाय आकारी पडीकाचा प्रश्न वेगळाच आहे. नऊ गावांतली सात हजारांहून अधिक एकर जमीन इंग्रज सरकारने शेतकऱ्यांकडून घेऊन बेलापूर कंपनीला दिली होती. ती कागदावर खंडाची नसल्यामुळे खंडकऱ्यांच्या वाटपात बसली नाही, आणि तिची लढाई स्वतंत्रपणे चालत आली. महामंडळाच्या कामगारांचं तिसरंच: जमीन मालकाला गेली, नोकरी गेली, आणि ज्या चाळीत तीन पिढ्या राहिलो ती जागाही आपली नाही. घरासाठी दोन गुंठे द्या, ही त्यांची मागणी.

मला विचाराल तर श्रीरामपूरच्या वाढीला लागलेल्या खिळीचं सर्वांत मोठं कारण इथे आहे. शहराभोवतीची हजारो एकर चांगली, पाण्याखालची जमीन अर्धं शतक अशा हातात राहिली, ज्याला तिच्यात पैसा घालण्याचं कारण नव्हतं. ज्याला कारण होतं त्याच्या हाती ती नव्हती.

सहकार, आणि उसाचं बिल

जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्यावर इथे फार लिहीत नाही. खासगी कंपनी आणि सहकारी कारखाना यांतला फरक एका वाक्यात सांगता येतो: कंपनीने जमीन घेतली आणि स्वतः ऊस पिकवला, सहकाराने जमीन शेतकऱ्याकडेच ठेवली आणि त्याला कारखान्याचा सभासद केलं. पुढे श्रीरामपूर तालुक्याचा स्वतःचा अशोक सहकारी कारखानाही झाला. कंपनीच्या काळात पैसा पगाराच्या रूपाने शहरात यायचा, सहकारात तो उसाच्या बिलाच्या रूपाने येऊ लागला.

हे बिल समजून घेतलं तर शहराची नाडी हाती लागते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो तुटतो सोळा-अठरा महिन्यांनी. तो गेल्यावर त्याच बुडख्यातून खोडवा येतो. केंद्र सरकार दर हंगामाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २०२५-२६ साठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते. उतारा जास्त असेल तर दर वाढतो. शेतकऱ्याच्या हाती मात्र तोडणी आणि वाहतूक वजा जाता रक्कम येते. ही वजावट टनाला ८५० धरली तर उरले २,७००. एकरी चाळीस टन ऊस झाला तर एक लाख आठ हजार. त्यातून दीड वर्षाचं बेणं, खतं, वीजबिल, पाणीपट्टी, बांधणी, औषधं आणि सोसायटीचं कर्ज जायचं. एकराचा आकडा ऐकायला गोड वाटतो, महिन्यावर भागला की उतरतो.

तरी लोक ऊस का लावतात? कांदा एका रात्रीत कवडीमोल होतो, ऊस होत नाही. दर आधी माहीत असतो, घेणारा ठरलेला असतो, गारपिटीने पूर्ण जात नाही, आणि एकदा लावला की लग्नकार्याला, नोकरीला, बाहेरगावी जाता येतं. सोसायटी त्यावर कर्ज देते. कायद्याने तोडणीनंतर चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. व्याज हातात पडलेला शेतकरी मात्र शोधावा लागेल. बिलं हप्त्यांनी येतात, आणि श्रीरामपुरातला कापड दुकानदार, सोनार, कृषी सेवा केंद्रवाला, ट्रॅक्टरचा डीलर, दवाखाना, सगळ्यांच्या वह्या त्या हप्त्यांना बांधलेल्या असतात. कारखान्याने बिल थकवलं की दोन आठवड्यांत मेन रोडवर कळतं. उधारी "उसाच्या बिलावर" लिहिली जाते, तारखेवर नाही.

या साखळीचं दुसरं टोक बीडकडे आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादम टोळ्या घेऊन येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर उचल घेतलेली, कारखान्याच्या आसपास किंवा रानात कोपी. फडात पहाटे काम सुरू होतं आणि गाडी भरून होईपर्यंत दिवस संपत नाही. शेतकऱ्याच्या बिलातून जी तोडणी वजा होते, तिच्यातून मुकादमाचा वाटा जाऊन त्यांना मिळतं. शहराच्या बाजारात हे लोक आठवड्याच्या बाजारादिवशी दिसतात, शहराच्या हिशेबात मात्र कधी दिसत नाहीत.

शंभर वर्षांच्या पाण्याने जमिनीवरही परिणाम केला. काळी, भारी जमीन, निचरा कमी, पाट वर्षभर भरलेला. खालचं पाणी वर आलं आणि क्षार घेऊन आलं. जमीन उपळली, चोपण झाली. हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. दख्खनच्या कालव्यांवरची पाणथळ आणि खारवट जमीन हा विषय इंग्रज अभियंते १९२० च्या दशकातच अभ्यासत होते, चर काढत होते. आज अशा रानात शेतकरी फुले २६५ हा वाण लावतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने २००७ मध्ये दिलेला हा वाण क्षार बऱ्यापैकी सोसतो. उपाय म्हणून ठीक, पण यात रोग तसाच ठेवून रोग्याला सोशिक केल्यासारखं होतं.

रेल्वेने दिलं ते रस्त्याने नेलं

ऐंशीच्या दशकानंतर श्रीरामपूर मागे का पडलं, याची चर्चा तिथल्या चहाच्या टपरीवर रोज होते आणि बहुतेकदा कोणत्या तरी पुढाऱ्यावर येऊन थांबते. पुढारी असतीलही कारण. पण नकाशा पाहा. नगर-मनमाड लोहमार्ग श्रीरामपूरवरून जातो. नगर-मनमाड महामार्ग जात नाही. तो राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी असा पश्चिमेकडून निघून जातो. माल रेल्वेने जायचा तोवर श्रीरामपूर पेठ होती. माल ट्रकवर चढला तशी पेठ रस्त्याकडे सरकली. त्यात शिर्डी मोठी झाली: २००९ मध्ये स्वतःचं रेल्वे स्टेशन, २०१७ मध्ये विमानतळ. लोणीत शिक्षणसंस्था आणि रुग्णालय, संगमनेरला दूध आणि बाजारपेठ. तिन्ही बाजूंनी गिऱ्हाईक कमी झालं. हरेगाव आणि टिळकनगरचं गाळप थांबलं ते याच काळात.

टिळकनगरची गोष्ट मात्र वेगळ्या दिशेने गेली. साखर करताना मळी निघते, मळीपासून मद्यार्क. साखर बंद झाली तरी आसवनी राहिली, आणि डहाणूकरांची कंपनी टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने देशातली मोठी ब्रँडी उत्पादक झाली. मॅन्शन हाउस ब्रँडी महाराष्ट्रापेक्षा दक्षिणेत जास्त खपते. जुलै २०२५ मध्ये या कंपनीने पर्नो रिकार्डकडून इम्पीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड हजारो कोटींना घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा आर्थिक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर श्रीरामपूर तालुक्यातल्या एका वाडीचं नाव झळकलं. शहराच्या बाजारात त्यातलं किती उतरतं, हा प्रश्न निराळा.

शासकीय दर्जाच्या बाबतीत श्रीरामपूर अर्ध्यावर अडकलं आहे. आरटीओ स्वतंत्र आहे. नगरच्या गाड्या एमएच-१६, इथल्या एमएच-१७. जिल्हा स्वतंत्र नाही. नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, त्यामुळे विभाजनाची मागणी जुनी आहे, आणि मुख्यालय श्रीरामपूर, संगमनेर की शिर्डी यावर ती दर वेळी अडते.

पाण्याकडे परत यायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच ठरणार आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण झालं, सव्वाआठ टीएमसीचं. अकोले, संगमनेर, राहाता, राहुरी, सिन्नरची कोरडी गावं पन्नास वर्षं त्याच्या कालव्यांची वाट पाहत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये डाव्या कालव्यातून अधिकृतपणे पाणी सुटलं. त्या गावांचा हक्क कोणी नाकारत नाही, पण लाभक्षेत्र वाढलं की जुन्या पाटाच्या टेलचा शेतकरी आवर्तनं मोजू लागतो. खालून जायकवाडीचा दावा आहे. २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं, आणि वरच्या धरणांत भंडारदरा-निळवंडेही येतात. चांगल्या पावसाच्या वर्षी कोणाला या तारखेची आठवण नसते. वाईट वर्षी नदीपात्रात पाणी सुटतं तेव्हा काठच्या गावांची वीज तोडली जाते, बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात आणि पोलीस बंदोबस्त लागतो. नगरपालिकेचा पिण्याच्या पाण्याचा साठवण तलावही पाटाच्या आवर्तनावरच भरतो. त्यामुळे आवर्तन लांबलं की शेतात ऊस आणि शहरात नळ, दोन्ही एकदमच कोरडे पडायला लागतात, आणि सल्लागार समितीच्या बैठकीत शहरवाले आणि ऊसवाले समोरासमोर बसतात.